गादीच्या चुण्यांमागचा स्पीकर

मित्रांनो, लोहाऱ्याच्या सिद्रामप्पांच्या काळ्या मोटारीत बसायचा योग आला, तर मागच्या गादीला खुशाल पाठ टेकून बसा. तुमच्या पाठीपासून चार बोटांवर मी असेन आणि तुम्हाला माझा पत्ता लागणार नाही. मोठमोठ्यांना लागलेला नाही. मामलेदार बसून गेले, मठाचे स्वामी बसून गेले. एका ड्रायव्हरने तर दोन वर्षं रोज ही गाडी पुसली, आणि शेवटपर्यंत त्याची समजूत अशी की आवाज टपातून येतो. मी एक जुना स्पीकर आहे. ताटलीएवढा गोल, पुढे कागदाचा पडदा आणि पाठीवर जड लोहचुंबक. मी थोडा गर्विष्ठ आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण माझी सगळी हकिगत ऐकलीत, तर तो गर्व तुम्ही मला माफ कराल अशी माझी खात्री आहे.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. तारेचं वेटोळं बसवलं, पडदा चिकटवला आणि भुशाच्या खोक्यात घालून बोटीवर चढवलं, एवढंच. हैदराबादेच्या दुकानात मला एका शिसवी पेटीच्या रेडिओत बसवलं आणि तिथून आम्ही उस्मानाबादला आलो. उस्मानाबाद हे कागदोपत्री. गावात सगळे धाराशिवच म्हणत. तिथे निजामाचे एक मोठे अंमलदार बंगल्यात राहत. त्यांनी आम्हाला दिवाणखान्यात ठेवलं. गावात वीज नव्हती, आमचं काम बॅटरीवर चाले. बातम्यांची वेळ झाली की कचेरीतली माणसं जोडे बाहेर काढून गालिच्यावर येऊन बसत आणि माझ्याकडे टक लावून बघत. खरं तर ती पेटीकडे बघत असत, मी आत होतो. पण मी तरुण होतो, सगळं कौतुक माझंच असं मी धरून चालत असे.

पुढे पोलिस ॲक्शन झालं. ती बातमी त्या घरात मीच सांगितली. ऐकून साहेबांनी रेडिओ बंद केला, आणि महिन्याभरात ते बिऱ्हाड हलवून हैदराबादेला निघून गेले. जड सामान मागे राहिलं, त्यात मीही राहिलो. बंगल्यात सरकारी कचेरी आली आणि आमची रवानगी मोडक्या खुर्च्यांच्या कोठीत झाली. तिथे वाळवीने पेटी खाल्ली. उंदरांनी तारा कुरतडल्या. बाहेर राज्य बदललं, मग भाषेवरून प्रांत पडले, आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, आणि या सगळ्यातलं मला अवाक्षर सांगता आलं नाही. नऊ वर्षं मी गप्प होतो. बोलण्यासाठीच जन्मलेल्याला नऊ वर्षं गप्प बसवणं काय असतं, ते ज्याला गप्प बसवलं त्यालाच कळतं.

कोठी रिकामी करायची म्हणून एकदा लिलाव झाला. त्यात वीरभद्र नावाच्या मोटारमेस्त्रीने पेटीचा सांगाडा उचलला. येडशीच्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. मोटारीचं काम तो सोलापूरला शिकला होता आणि रेडिओचा नाद त्याला आपसूकच लागला होता. त्याने मला बाहेर काढून झटकलं, बॅटरीच्या दोन तारा माझ्या दोन टोकांना टेकवल्या. मी ‘टक्’ असा आवाज केला.

“जित्ता हाय की,” वीरभद्र म्हणाला आणि त्याने मला स्वच्छ फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलं. इतक्या वर्षांत माझ्याविषयी कोणी काढलेले ते पहिले चांगले शब्द.

वर्षभराने लोहाऱ्याचे सिद्रामप्पा गॅरेजात आले. धान्याच्या अडतीचा त्यांचा मोठा व्यवहार, आणि त्यांची काळी मोटार तालुक्यात सगळ्यांना ठाऊक. वाटेतली पोरं ती लांबून ओळखत. सिद्रामप्पांची आई, त्यांची अव्वा, नागम्मा म्हातारी होती आणि तिचे दोन्ही डोळे गेलेले होते. तिचं माहेर आळंदचं, म्हणजे आता म्हैसूर राज्यातलं. जाणं-येणं कमी झालं, कानडी बोलणारं तिच्या वयाचं माणूस घरात उरलं नाही. सोलापूरला नातेवाइकांकडे तिने एकदा रेडिओवर धारवाडचं केंद्र ऐकलं होतं. कोणीतरी कानडी वचनं, लिंगायतांची भक्तिपदं, गात होतं. तेव्हापासून तिने तोच एक ध्यास घेतला होता. लोहाऱ्यात वीज नव्हती, आणि घरी रेडिओ ठेवला तर त्याची बॅटरी भरून आणायला दर वेळी कोणीतरी लांब जायला हवं. मोटारीची बॅटरी मात्र मोटार चालली की आपोआप भरते. तेव्हा रेडिओ मोटारीतच बसवावा, असं सिद्रामप्पांच्या मनाने घेतलं.

“पण एक ऐक, वीरभद्र,” ते म्हणाले. “गाडी माझी हाय, मागची गादी स्वामींची. वर्षातून दोनदा मठाचे स्वामी तिच्यावर बसत्यात. तिथं यंत्रबिंत्र दिसायचं न्हाय. गाडीला एक भोक पडायचं न्हाय. अव्वाला गाणं ऐकू आलं पायजे, अन् बघणाऱ्याला काय बी दिसलं न्हाय पायजे. दिसलं, तर त्याच दिवशी समदं काढून टाकायचं.”

“दिसायचं न्हाय, आप्पा,” वीरभद्रने चारचौघांत सांगून टाकलं. “खंडेनवमीला गाडी घेऊन जावा.”

अर्धं काम त्याने मोठ्या झोकात केलं. सोलापूरहून आणलेला रेडिओचा डबा पुढच्या सीटखाली गेला. आवाज पकडायची तार त्याने मोटारीच्या पायरीखालून ओढून घेतली. बटणं राखदाणीच्या झाकणामागे बसली. इंजिन सुरू झालं की माझ्या घशात खरखर होई, तीसुद्धा डायनामोला एक कंडेन्सर जोडून त्याने थांबवली. मला मागच्या गादीमागे, होत्या त्याच बोल्टांना पट्टीने बांधलं. मग त्याने बटण फिरवलं, आणि आम्हा दोघांचं तोंड उतरलं. गादीचं चामडं जाड होतं. माझा आवाज तोंडात भाकरीचा घास धरून बोलणाऱ्या माणसासारखा येत होता.

त्याने एका नावाजलेल्या गादीवाल्याला बोलावलं. गादीवाल्याने चामड्यावर खडूने गोल काढला आणि सुरी काढली. इथून गोल कापायचं, वर जाळी मारायची, असं तो म्हणाला. वीरभद्रने त्याचा हात धरला. खडू पुसायलाच त्याला पुढचा अर्धा तास लागला. मग तो दारातल्या निंबाखाली जाऊन बसला आणि डोकं खाजवू लागला. खंडेनवमी बारा दिवसांवर आली होती.

त्याच दुपारी विमल तिथे आली. गॅरेजच्या मागच्या गल्लीत वसंतराव कारकून राहत, त्यांची ही धाकटी बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला आणि ती भावाकडे परत आली. येताना शिलाईचं मशीन तेवढं घेऊन आली. शाळेचे गणवेश, झंपर, उशांचे अभ्रे, गल्लीत ज्याचं जे असेल ते ती शिवून देई. त्या दिवशी तिच्या मशीनचा दांडा मोडला होता. वीरभद्र तो जोडत असताना ती मोटारीच्या उघड्या दारातून गादीकडे बघत उभी राहिली. गादीच्या पाठीला वरपासून खालपर्यंत उभ्या चुण्या होत्या. तिने एक चूण बोटाने उघडून आत पाहिलं.

“मेस्त्री, चुणीत खडू कसला राहिलाय?” तिने विचारलं. वीरभद्रने आपली सगळी अडचण सांगितली.

“मग कापू नका,” विमल म्हणाली. “उसवा.”

वीरभद्रने दांडा खाली ठेवला. ती पुढे म्हणाली, “चुणीच्या आतली शिवण उसवायची. आतल्या बाजूचं चामडं दुमडून मागं घ्यायचं आणि तिथं विरळ कापडाची पट्टी लावायची. चूण मिटली की पट्टी झाकली जाते. आवाज आतून निघंल, पण वरून बघणाऱ्याला चूणच दिसंल. चामड्याला सुईची भोकं पडलेली आहेतच. त्याच भोकांतून परत शिवायचं. नवीन भोक एकही नाही.”

“तुमाला चामडं शिवता येतं का, अक्का?”

“अजून कधी शिवलं नाही,” ती म्हणाली. “पण सुई तर धरता येते.”

मित्रांनो, पुढचे चार दिवस मी कधीच विसरणार नाही. विमलने गादी निंबाखाली पसरली आणि एकेक टाका असा उसवला की दोरासुद्धा तुटला नाही. मग विरळ मांजरपाट आणला. चामड्याचा रंग तपकिरी, त्याला जुळवायला तिने काताच्या पाण्यात चहाची भुकटी उकळली आणि कापड बुडवून वाळवून पाहिलं. पहिला रंग लालसर आला. दुसरा फिका. तिसऱ्या वेळी कापड चामड्यावर ठेवलं तर वीरभद्रला वेगळं ओळखता येईना. मग ती सुई घेऊन बसली. जुनं भोक शोधायचं, त्यातून सुई काढायची, पुढचं शोधायचं. दोराची गाठ ती दर वेळी आत सारायची आणि वरून नख फिरवून बघायची. बोटं सोलवटली तशी तिने त्यांना चिंध्या गुंडाळल्या. माझ्यासाठी मलमलचा एक अंगरखाही शिवला, धूळ लागू नये म्हणून. अंमलदारांच्या बंगल्यात पेटीवर अंथरलेल्या जरीच्या कापडापेक्षा मला त्याचा अभिमान जास्त वाटतो.

गादी जागेवर बसली. वीरभद्रने बटण फिरवलं आणि माझा आवाज मोकळा झाला. अगदी मोकळा, दहा वर्षांत निघाला नव्हता असा. वीरभद्रने गादीजवळ नाक नेऊन पाहिलं, उजेडात पाहिलं, वाकडं होऊन पाहिलं. मग तो हसत सुटला. विमलही हसली, पण थोडंच. तिला काही विचारायचं होतं.

“मेस्त्री, गाडी न्यायला येतील तेव्हा गादी मी केली असं सांगाल ना?”

वीरभद्रचं हसू थांबलं. तो मान खाली घालून पाना पुसू लागला. “अक्का, राग मानू नका. सणाच्या दिवशी गाडीची पूजा व्हायची. मग गाडी घेऊन ते तुळजापूरला जाणार. तुमचा हात लागलाय म्हणून कळलं, अन् सिद्रामप्पांनी नको म्हटलं तर? एकदा होऊन जाऊ द्या. मागनं सांगू.”

विमल सुई-दोरा आवरू लागली. तिची बाजू मला ठाऊक होती, कारण निंबाखाली शिवताना ती वीरभद्रच्या बायकोला सगळं सांगत असे. वसंतरावांची भूमला बदली झाली होती. भाऊबीज झाली की बिऱ्हाड हलणार होतं. विमलला धाराशिव सोडायचं नव्हतं. भावाच्या मागे गावोगाव फिरत त्याच्या संसारातला एक कोपरा अडवून बसायचं, याचा तिला कंटाळा आला होता. वसंतराव माणूस वाईट नव्हते. त्यांनी सांगितलं होतं, “तुझं स्वतःचं कायमचं काम इथं आहे, हे चार लोकांनी म्हणू दे. मग राहा खुशाल. नुसत्या अभ्र्यांवर मी तुला एकटीला ठेवून जाणार नाही.” आणि चामड्याला हात लावते म्हणून त्यांनी नाक मुरडलं होतं, ते वेगळंच. आता तिच्या हातून आयुष्यातलं सगळ्यांत सुंदर काम झालं होतं, आणि ते कोणाला सांगायची सोय नव्हती. मी आत लपलो होतो, पण मला निदान बोलता येत होतं. तिला तेही येत नव्हतं.

खंडेनवमीचा दिवस आला. वीरभद्रने हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडली, झेंडूची फुलं वाहिली. सिद्रामप्पा आईला घेऊन आले. धारवाडचं केंद्र दिवस कलल्यावरच नीट लागतं, म्हणून मोटारीची पूजा मावळतीला करायचं ठरलं होतं. गल्लीतली माणसं प्रसादाला बोलावली होती. वसंतराव काखेत छत्री धरून उभे होते. विमल पूजेपासून बाजूला, पत्र्याच्या भिंतीशी उभी होती.

सिद्रामप्पांनी आधी मोटार तपासली. पुढून, मागून, सीटखाली, टपाला हात लावून. मागच्या गादीवर तर ते दोनदा बसले आणि उठले. माझी छाती अशी फुगली होती की अंगरखा फाटतो की काय असं मला वाटलं.

“कुठं बसवलंस रे?” त्यांनी विचारलं.

“तेवढं सांगायचं न्हाय, आप्पा,” वीरभद्र म्हणाला आणि त्याने राखदाणीमागचं बटण फिरवलं.

रेडिओ तापायला थोडा वेळ लागला. मग मी बोललो. धारवाडहून एक बाई वचन गात होती, सावकाश, एकेक शब्द खाली ठेवावा तशी. नागम्मा उभी होती तिथेच थांबली. तिचे ओठ हलू लागले. ते वचन तिला येत होतं. ते संपून दुसरं लागलं. मग सिद्रामप्पांनी हात धरून तिला मागच्या गादीजवळ आणलं. ती आत वाकली. बाकी सगळे डोळ्यांनी शोधत होते. ती कानांनी आली होती. तिने हात पुढे केला तो थेट माझ्यासमोर येऊन थांबला.

“सिद्राम,” ती म्हणाली, “इबूत हितंच लावायची. आवाज हितनं येतोय.”

तिने दुसरा हात शेजारी धरलेल्या पूजेच्या तांब्यात बुडवला. इबूत, म्हणजे विभूतीचं भस्म, पाण्यात कालवून तीन बोटं ओढायची, ही त्यांची रीत. ओंजळभर पाणी तिच्या बोटांवरून निथळत होतं आणि ती बोटं चुणीकडे येत होती. चुणीत विरळ कापड, कापडामागे मलमल, आणि मलमलीमागे मी, कागदाचा. पाणी आत उतरलं की माझा पडदा फुगणार, सुटणार, आणि मी पुन्हा कायमचा मुका होणार. वीरभद्रला हे कळत होतं. पण तोंड उघडलं तर जागा सांगितल्यासारखं होत होतं, आणि शब्द तर त्याने चारचौघांत दिला होता.

“थांबा, आजी,” भिंतीकडून आवाज आला. “ओला हात लावू नका. आत कागद आहे. भिजला तर फाटंल.”

सगळी माणसं वळली. विमल दोन पावलं पुढे आली होती. मला वाचवायला तिने जागाही सांगून टाकली होती आणि काम कोणाचं तेही. वसंतरावांची छत्री काखेतून निसटली.

“तुला काय ठावं, आत काय हाय ते?” सिद्रामप्पांनी विचारलं.

आता वीरभद्रला बोलणं भाग होतं. “आप्पा, गादी त्यांनी शिवलीय,” तो म्हणाला. “युक्ती बी त्यांचीच. म्या नाव दडवलं. विधवा बाईचा हात सणाच्या गाडीला चालंल का न्हाय, ह्याचं भ्या वाटलं. चूक माझी हाय.”

सिद्रामप्पा काही म्हणणार, तेवढ्यात नागम्माने हात वर केला. लुगड्याच्या पदराला तिने दोन्ही हात कोरडे पुसले. मग ती चुण्यांवरून बोटं फिरवू लागली. एक चूण, दुसरी चूण, तिसरी. माझ्यासमोरच्या चुणीत तिचं बोट शिरलं आणि शिवणीवरून वरपासून खालपर्यंत गेलं.

“गाठ हाताला लागत न्हाय,” ती म्हणाली. “आत सारलीय. गादीवाला गाठ वरच सोडतो, त्याला घाई असती. माझी आई गोधडी, आमच्याकडची कौदी, शिवायची, तिची गाठ अशी असायची. निजताना पोरांच्या अंगाला टोचू नये म्हणून.” मग तिने तोंड वीरभद्रकडे वळवलं. “अन् विधवेचा हात म्हनं. वीरभद्रा, मी कोन हाय रे? मालक जाऊन तीस वरसं झाली. गाडी माझ्यासाठीच सजवली न्हवं?”

वीरभद्रने कान पकडले. सिद्रामप्पा मात्र व्यवहाराचा माणूस. ते अडखळत म्हणाले, “अव्वा, पण ठरलं होतं. दिसलं तर काढायचं.”

“मग बघ की दिसतंय का,” नागम्मा म्हणाली. “मला तर काय बी दिसत न्हाय.”

आधी कोणाला हसावं की नाही ते कळेना. मग सिद्रामप्पाच हसले. त्यांनी आईचं बोट होतं तिथे डोळे नेले, चष्मा वर केला, खाली केला. जागा कळल्यावरसुद्धा त्यांना चुणीशिवाय काही दिसलं नाही. “न्हाय दिसत,” ते म्हणाले. “शपथेवर सांगतो, न्हाय दिसत.”

नागम्माने इबतीची वाटी मागून घेतली आणि विमलच्या दिशेने धरली. “कोरडीच लाव. काम तुझं हाय, तूच लाव.”

विमलने आधी भावाकडे पाहिलं. वसंतराव वाकून छत्री उचलत होते. उचलायला त्यांनी फार वेळ घेतला. मग ते सरळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, “लाव की. आजी म्हणतायत ना.”

तिने तीन बोटांनी कोरडी इबूत लावली. थोडीशी कापडातून गळून माझ्या पडद्यावर पडली. विलायतेत मला तपासून कारखान्याचा शिक्का मारला होता, तेव्हाही मला एवढं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं. सिद्रामप्पांनी प्रसादाचा पेढा तोंडात टाकता टाकताच सांगितलं, की अडतीवरच्या जीपच्या गाद्याही फाटल्यात, उद्याच पाठवतो. त्यांच्या ओळखीचे उमरग्याचे एक व्यापारी शेजारी होते, त्यांनीही आपल्या गाडीचं नाव घेतलं.

भाऊबीज झाली. वसंतराव भूमला गेले, विमल गेली नाही. वीरभद्रने गॅरेजची एक खोली तिला मोकळी करून दिली आणि पाटीवर आपल्या नावाखाली तेवढ्याच मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं: ‘गादीकाम – विमलबाई’. त्याची बायको म्हणते, अक्षरं मोजून तेवढीच मोठी काढायला त्याने रंगाऱ्याला दोनदा पुसायला लावलं होतं.

लोहाऱ्यात माझे दिवस कसे गेले, ते सांगायला बसलो तर तुम्हाला घरी जायला उशीर होईल. दिवस कलला की मोटार अंगणात यायची. नागम्मा मागच्या गादीवर मांडी घालून बसायची, चारी दारं उघडी. आधी एकटीच ऐकायची. मग शेजारच्या गौराबाई आल्या, मग सगळी आळी आली. कोणी शेंगा फोडत बसे, कोणी पोराला मांडीवर घेऊन. कानडी न येणाऱ्या बायकांना नागम्मा मराठीत अर्थ सांगे, आणि अर्थ सांगताना गाण्यापेक्षा मोठ्याने बोले. मी राग धरला नाही. एका भर उन्हाळ्यात माझा पडदा कडेला तडकला आणि आवाज फाटू लागला. तेव्हा विमलने पातळ कागद आणि कणकेची खळ घेऊन मला जोडलं. ती चकती अजून जागेवर आहे. नागम्मा चार वर्षांमागे गेली. सिद्रामप्पांनी त्यानंतर मला काढलं नाही. अजून मावळतीला गाडी अंगणात येते.

एक गोष्ट सांगायची राहिली. विमल धाराशिवात राहिली, त्याला दोन वर्षं झाली असतील. खंडेनवमीच्या आधी मोटार नेहमीप्रमाणे वीरभद्रकडे आली होती, म्हणून मी तिथे होतो. रस्त्यावर भूमच्या कचेरीची जीप येऊन थांबली. पुढची सीट फाटून काथ्या बाहेर आला होता. जीपमधून दोन कारकून उतरले आणि त्यांच्यामागून वसंतराव. एका कारकुनाने पाटी वाचून विचारलं, “गादीकाम बाई करते? जमतं का तिला?” वसंतराव पाटीसमोर उभे राहिले, वरचं नाव वाचलं, खालचं वाचलं. आतून विमल चामड्याचे तुकडे बाजूला सारत बाहेर येत होती. वसंतरावांनी तिच्याकडे हात केला आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “ही माझी बहीण. त्या काळ्या मोटारीची गादी हिनंच केलीय. जा, शोधून दाखवा कुठं शिवलीय ते.” दोघे कारकून येऊन माझ्या अंगावर वाकले आणि बराच वेळ शोधत राहिले. विमल दारात उभी राहून भावाकडे बघत होती, चहा ठेवायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे मागणं फार नाही. आमच्यासारखी जी यंत्रं आत बसून काम करतात, त्यांना पाण्यापासून, धुळीपासून आणि उंदरांपासून जपा. हात लावायच्या आधी तो कोरडा आहे का, बघा. आणि एखादं काम तुम्हाला फार सुरेख वाटलं, तर ते कोणी केलं हे विचारा, आणि कळलं की त्या माणसाचं नाव चारचौघांत घ्या. वसंतरावांना ते घ्यायला दोन वर्षं लागली. तुम्ही एवढा वेळ लावू नका.